उद्याची भट्टी

अक्का, तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आधी विश्वासच ठेवला नाही. गुलबर्ग्याच्या गाडीच्या कंडक्टरनं यांना अफजलपूरच्या स्टँडवर गाठून सांगितलं, हळ्ळीखेडची तुमची बहीण गेली, निघा. हे घरी आले आणि भिंतीला टेकून बसले. आणि मी काय विचारलं असेल? निरोप नेमका कुणी दिला, आणि देणाऱ्यानं तुम्हाला डोळ्यांनी पाहिलं होतं का. कारण गेल्या वर्षीही असाच निरोप आला होता, अक्का फार आजारी आहे म्हणून. आम्ही धावत-पळत आलो तर तुम्ही उंबऱ्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. "आलीस व्हय," एवढंच म्हणालात. तेव्हा या वेळीही ही तुमची युक्तीच असणार, असं धरून मी चालले. हुमनाबादपर्यंत मनात भांडण जुळवत आले होते. गल्लीत शिरल्यावर बाया उठून उभ्या राहिल्या आणि ते सगळं भांडण तोंडातल्या तोंडात राहिलं.

तुम्हाला अंघोळ घालून झाली होती. पांढरं लुगडं नेसवलं होतं. मला फक्त तोंड दिसलं. शेजारच्या बाईनं सांगितलं, पानाची चंची कमरेला तशीच राहू दिली, तिच्याशिवाय अक्काला करमायचं नाही. मी मान हलवली. रडू आलंच, पण त्या रडण्यातसुद्धा माझी नजर तुमच्या कमरेकडे गेली. त्या चंचीच्या आतल्या कप्प्याला तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हता. पान मागितलं तर स्वतः काढून देणार, चंची पुढं करणार नाही. त्यात काय आहे याचा मला वर्षानुवर्षं संशय होता.

माझा स्वभावच तसा, तुम्हाला नवा नाही. माझी आई मादन हिप्परग्याच्या बाजारात जोंधळे घ्यायला गेली की पारड्याच्या वर काय आहे हे कधी बघायची नाही, खाली बघायची. पारड्याच्या बुडाला चिंच चिकटवलेली तिनं दोनदा पकडली होती. तिनं मला दुसरं काही शिकवलं नाही, एवढंच शिकवलं. लग्न करून तुमच्या घरी आले तेव्हा तुम्ही नवऱ्याचं घर सोडून माहेरी येऊन राहिला होता. नणंद घरात, तीही मोठी, तीही कमावती. मी पहिल्या दिवसापासून तुमच्या पारड्याच्या खाली बघायला सुरुवात केली.

आणि तुम्ही तरी कशा. मला विषमज्वर झाला तेव्हा पेजेची वाटी घेऊन तुम्ही उशाशी बसायचा. तुम्ही डावखुऱ्या, चमचा डाव्या हातात. सासूबाई म्हणायच्या, डाव्या हातानं कुणाला भरवू नये. तुम्ही म्हणालात, "तोंडात जायल्याशी मतलब." मी तापातही विचार करत होते की ही बाई एवढं का करते, हिला माझ्याकडून काय पाहिजे. बरी झाले, पण त्या पेजेचे उपकार मी तुम्हाला कधी बोलून दाखवले नाहीत. आज म्हणते. त्या पेजेनंच मी उठले.

कारखान्यात तुम्हीच नेलंत मला. हुमनाबादच्या रस्त्याला पत्र्याचं ते शेड. तिथं सोलापूरच्या गिरण्यांसाठी सूत सरकायच्या पांढऱ्या कड्या बनायच्या. चिनी मातीसारख्याच, पण तिच्याहून कितीतरी कडक. तुम्ही तिथं आधीपासून प्रेसवर होता. मग कुठून तरी मालकानं घड्याळाचं काम आणलं. बायकांच्या मनगटी घड्याळाच्या काचेभोवती बसणारी पांढरी कडी. तिच्यावर म्हणे ओरखडा पडत नाही, घाम लागत नाही, रंग जात नाही. हात वाढवायचे होते. तुम्ही मालकाला सांगितलंत, माझी भावजय हुशार आहे, डोळा तेज आहे. डोळा तेज हे तुम्ही कौतुकानं म्हणालात की टोमण्यानं, हे मी त्या दिवसापासून ठरवू शकलेले नाही.

काम मला आवडलं, हेही सांगून टाकते. पोत्यातली पांढरी पूड, पिठाहून बारीक. ती पिंपात पाणी आणि गोट्यांबरोबर दिवसभर खडखडत फिरायची. मग तिच्यात चिकटपणासाठी मेणासारखं काहीतरी, मग वाळवण, मग चाळण. आपण बायांनी ती मापानं लोखंडी साच्यात भरायची आणि प्रेसचा दांडा ओढायचा. साच्यातून निघायची ती कच्ची कडी. खडूसारखी. जोरात फुंकलं तरी कड झडायची. पापड उचलावा तशी उचलून फळीवर मांडायची. फळ्या भरल्या की भट्टीवाले रशीदचाचा त्या भट्टीत लावायचे, विटा लावून तोंड बंद करायचे, आणि भट्टी तापायला एक दिवस नि निवायला त्याहून जास्त. तिथल्या बाया आधी गाव विचारायच्या, मग गल्ली विचारायच्या, आणि गल्ली कळली की आपल्या माठाकडे बघायच्या. पण प्रेसवर हात सगळ्यांचे सारखेच पांढरे व्हायचे.

पहिल्यांदा माझी भट्टी उघडली तो दिवस तुम्हाला आठवत असेल, कारण तुम्ही मला पुढं कित्येक वर्षं चिडवलंत. मी दाबलेली कच्ची कडी माझ्या दोन बोटांत सैल बसत होती. भट्टीतून निघाली ती बोटांत घट्ट. मी फळी तशीच धरून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ही माझी कडी नाही, बदलली आहे. शेडभर हशा झाला. रशीदचाचा हसले नाहीत. म्हणाले, "आग अपना हिस्सा खा लेती, बेटी." तुम्ही मला समजावलंत की भाजताना ती आवळते, पाचातला एक भाग जातो, म्हणून साचाच मोठा केलेला असतो. मी मान हलवली. पण मनात म्हटलं, लोणी मांजरानं खाल्लं तर तेही हेच सांगेल की उन्हानं वितळलं.

म्हणून मी खूण करायला लागले. गोधडीची सुई घेऊन कच्च्या कडीच्या आतल्या बाजूला दोन तिरक्या रेघा ओढायच्या. पुढच्या भट्टीतून कडी निघाली, लहान झालेली, आणि आत माझ्या रेघा, त्याही लहान झालेल्या. मग मला पटलं. पण खुणेची गंमत अशी की ती सुटत नाही. एकीनं केली म्हणून दुसरीनं केली. कुणी फुली, कुणी टिंब, कुणी चांदणी. मालकानं पाहिलं आणि त्याला ते फारच आवडलं. कुणाच्या किती चांगल्या, कुणाच्या किती फुटक्या, आता कळेल म्हणाला. हुकूमच काढला की प्रत्येकीनं आपली खूण करायचीच.

केली नाही ती फक्त तुम्ही. मालकानं विचारलं तर म्हणालात, "ज्याच्यावर काईच न्हाई ती माजी." त्यात खोट काढता येईना, म्हणून त्यानंही ते चालवून घेतलं.

इथून पुढचं आपण कधी धड बोललो नाही, अक्का. आज बोलते.

भाजलेल्या कड्या आपण निळ्या शाईच्या पाण्यात बुडवायचो, मग पुसायचो. तडा असेल तर त्यात शाई शिरून केसासारखी निळी रेघ दिसायची. तशी कडी मालकासमोर ठेवून हातोडीनं फोडायची, म्हणजे कुणी बाहेर नेऊन विकू नये. माझ्या कड्या तडकायला लागल्या. आधी थोड्या, मग बऱ्याच. बाकीच्या बायांच्या एखाददुसऱ्या. आणि बिनखुणेच्या, म्हणजे तुमच्या, सगळ्या धड. एक भट्टी, एक पूड, एक प्रेस. माझ्याच कशा फुटतात? मी डोक्याला ताण दिला आणि मला एकच उत्तर दिसलं. माझ्या चांगल्या कड्यांवरची खूण कुणीतरी भट्टीत जायच्या आधी बोटानं पुसत होतं. कच्ची कडी खडूसारखी, अंगठा फिरवला की रेघ गेली. पुसली की ती बिनखुणेची, आणि बिनखुणेची म्हणजे कुणाची?

मी त्या दिवसापासून रेघा खोल ओढायला लागले. पुसताच येऊ नयेत इतक्या. पुढच्या भट्टीत माझ्या आणखी फुटल्या. मी आणखी खोल ओढल्या.

एकदा तुम्ही माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिलात. माझा हात धरलात, सुईसकट. म्हणालात, "कामून एवढं दाबायलीस? हात हलका ठेव की."

बस्स. एवढंच. मी तुमच्याकडे पाहिलं आणि माझी खात्रीच झाली. ज्याला पुसायचं असतं त्यालाच रेघ हलकी हवी असते. चोराच्या मनात चांदणं. मी हात सोडवून घेतला आणि तुमच्या समोर, तुमच्या डोळ्यांत बघत, पुढच्या कडीत सुई अर्धी रुतवली. तुम्ही चंची काढलीत, सुपारी कातरलीत, आपल्या प्रेसवर गेलात.

मग घड्याळवाल्यांनी माल कमी पडतो म्हणून मालकाला झापलं आणि मालकानं मला. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याला एक हात कमी करायचा होता आणि माझ्या फुटक्या कड्यांचा ढीग सगळ्यांना दिसत होता. तो म्हणाला, "एक कडी. तुझ्या खुणेची एक साबूत कडी दाखव, तुला ठेवतो." मला तो प्रेस हवा होता, अक्का. घरात माझ्या हातानं येणारं तेवढंच होतं, आणि जगात मला नीट जमलेलं तेवढं एकच काम होतं. पुढच्या भट्टीला मी जीव लावून कड्या दाबल्या, जीव लावूनच रेघा ओढल्या, आणि उघडल्यावर एकूण एक शाई पिऊन निळी झाली. मी स्वतः हातोडी मागून घेतली.

यांना तोवर अफजलपूरला उसाच्या कामावर बोलावणं आलं होतंच. आम्ही पत्र्याची पेटी भरली. निघायच्या दिवशी तुम्ही काम टाकून हुमनाबादच्या स्टँडवर आलात, हात तसेच पांढरे. गाडी लागली होती. तुम्ही माझ्या दंडाला धरून म्हणालात, "थांब की जरा. उद्या भट्टी उघडायलेत."

मी काय समजले असेन? मी समजले, उद्या तुमच्या धड कड्यांचा ढीग निघणार आणि तो मी बघावा अशी तुमची इच्छा आहे. मी म्हणाले, तुमची भट्टी तुम्हाला लखलाभ. आणि गाडीत चढले. तुम्ही गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभ्या होता. मी पलीकडच्या खिडकीतून बघत बसले.

त्यानंतर, गेल्या वर्षीची ती फेरी सोडली तर, आपण भेटलो ते लग्नांत, नाहीतर मयतांत. पुढं हे एकदा तुमच्याकडे जाऊन आले आणि जेवता जेवता सांगायला लागले की कारखान्यात सुई बंद झाली. घड्याळवाल्यांचा कुणी माणूस आला, त्यानं फुटक्या कड्या भिंगाखाली धरल्या, आणि म्हणाला, तडा ओरखड्यापासूनच निघतो. कच्चेपणी केलेली रेघ भाजताना उलते. जेवढी खोल तेवढी लवकर. माझा घास हातातच राहिला. पण मी हळहळले नाही, मला रागच आला. म्हणजे तुम्हाला ते माहीत होतं! उगाच का तुम्ही खूण केली नाहीत? पुसण्याचा संशय गेला आणि त्याच्या जागी हा मोठा येऊन बसला. चोरी परवडली असती, अक्का. माहीत असून गप्प बसणं मला परवडलं नाही.

पुतणीच्या लग्नात मी तुम्हाला मांडवाच्या मागं गाठलं. विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही सुपारी कातरत होता. म्हणालात, "सांगितलं तर होतं की." मी म्हटलं, हात हलका ठेव म्हणजे सांगणं झालं का? कशासाठी ते नको का सांगायला? तुम्ही अडकित्ता थांबवलात. काहीतरी बोलणार होता, चंचीच्या आतल्या कप्प्यात बोटंही घातली होती. तेवढ्यात कुणीतरी अक्षता वाटायला हाक मारली आणि तुम्ही उठलात. मी म्हटलं, बघा, वेळेवर सुटका झाली.

ते भांडण तिथंच आहे. मी ते पुढं न्यायला कालपर्यंत तयार होते.

आज राख सावडली. आपल्यात बायाही जातात, म्हणून गेले. त्रिसरण-पंचशील झालं, हे वाकून अस्थी वेचायला लागले. राखेत तुमची चुन्याची डबी सापडली, काळी पडलेली, झाकण वितळून चिकटलेलं. तिच्याशेजारून यांनी काहीतरी पांढरं उचललं आणि हाड समजून मडक्यात टाकायला गेले. मी मनगट धरलं त्यांचं. म्हटलं, ते हाड नाही.

कडी होती. घासलेली नव्हे, चकचकीत नव्हे, भट्टीतून निघते तशी खरबरीत. चितेनं तिचं काही केलं नव्हतं, तिनं याहून कडक आग आधीच खाल्लेली. पदरानं पुसली आणि आतल्या बाजूला दोन तिरक्या रेघा.

माझी खूण. माझ्या खुणेची धड कडी. अक्का, माझं डोकं तिथंच, तुमच्या राखेशेजारी, हिशेब करायला लागलं. म्हणजे एक निघाली होती! एक साबूत निघाली होती आणि ती तुम्ही कमरेला लावून फिरत होता. मी एका कडीसाठी प्रेस सोडला आणि ती कडी तुमच्या चंचीत! माझ्या तोंडून शिवीच येणार होती, तुमच्या अस्थींसमोर.

मग मी ती उन्हाकडे धरली. रेघा हलक्या होत्या. नखाला लागतील न लागतील इतक्या. इतकी हलकी रेघ मी त्या दिवसांत एकही ओढली नव्हती. आणि त्या उलट्या बाजूला झुकल्या होत्या. मी कडी फिरवली, उलटी धरली, कशीही धरली तरी रेघा तिकडंच झुकत होत्या. माझ्या उजव्या हाताची रेघ तशी झुकत नाही. गोधडी शिवताना, विळा धरताना, पेज भरवताना जो हात मी वर्षानुवर्षं पाहिला, त्याच हाताच्या त्या रेघा होत्या.

हे विचारत होते काय झालं. मी म्हटलं, काही नाही, अक्काची वस्तू आहे.

तर अशी होती ती उद्याची भट्टी. तुम्ही माझी खूण तुमच्या डाव्या हातानं, हलकी, एका कडीवर केलीत आणि ती भट्टीत लावलीत, आणि कुणाला सांगितलं नाहीत. मालकाला दाखवणार होता की मला? खोटी कडी दाखवून मला ठेवून घेणार होता, की रेघ हलकी असली तर फुटत नाही एवढंच मला दाखवायचं होतं? आणि मांडवामागं बोटं त्या कप्प्यात घालूनही ती बाहेर का काढली नाहीत? मला एका वाक्याचं उत्तर हवं होतं हो. तुमची वाक्यं नेहमी अर्धीच. दुसऱ्या अर्ध्यासाठी माणसानं तुमच्यावर विश्वास ठेवायचा, आणि तो विश्वास ज्याच्याकडे नाही त्यानं काय करायचं, याचा विचार तुम्ही केला नाहीत. मी तुमच्यावर रागावलेलीच आहे. फार आठवण येते आणि रागावलेलीच आहे.

घरी येऊन मी वाटीभर पाण्यात शाई कालवली आणि कडी तिच्यात बुडवली. हसू नका. मी माझीच. बराच वेळ ठेवली, पुसली, दिव्याजवळ नेली. कुठंही निळी रेघ धरली नाही. नखानं वाजवली तर टण्ण बोलली.

आता ती माझ्या कमरेला आहे. तुम्ही त्या दिवशी स्टँडवर पुरतं सांगितलं असतं तर मी थांबले असते, अक्का. थांबले असते का, याचाच आता मला संशय आहे.